चिलीचे तांबे आणि कावेरीकाठचे ओतारी

कुंभकोणम शहरापासून नैर्ऋत्येस थोड्याच मैलांवर पट्टीश्वरम् नावाचे गाव आहे. कामधेनूची कन्या पट्टी हिने येथे शिवाची आराधना केली आणि तिच्या नावावरून गावास हे नाव पडले, असे स्थलमाहात्म्य सांगते. धेनुपुरीश्वराचे मोठे देवालय, त्याच्या आवारातील विख्यात दुर्गा, आणि भोवती कावेरीच्या पाण्यावर पोसलेली भाताची शेते, एवढे या गावाचे दर्शनी रूप. परंतु इतिहासाचे थर येथे एकावर एक बसले आहेत. लगतचे पळैयारै ही एके काळी चोळांची राजधानी होती. राजेंद्र चोळाने आपली सावत्र माता पंचवन मादेवी हिच्या स्मृत्यर्थ बांधविलेले मंदिर पट्टीश्वरमलाच आहे. पुढे विजयनगर, नायक आणि १६७६ पासून व्यंकोजीराजांचे मराठी घराणे अशा सत्ता या भूमीवर आल्या व गेल्या. व्यंकोजीराजांच्या काळापासून तिकडे जाऊन राहिलेल्या मंडळींचे वंशज आजही तंजावर-कुंभकोणम भागात निराळ्या वळणाची मराठी घरात बोलतात.

या प्रदेशात दृष्टीस पडणारी एक गोष्ट इतकी नित्याची आहे की, तिच्याविषयी कोणी प्रश्न विचारीत नाही. ती म्हणजे तांबे. देवळाच्या शिखरावरचा कलश तांब्याचा, उत्सवमूर्ती तांब्याच्या मिश्रधातूची, देवघरातील समई पितळेची, आणि कुंभकोणमची प्रसिद्ध कॉफी ज्या पेल्या-वाटीच्या जोडीतून समोर येते तीही पितळेची. पितळ म्हणजे तांबे व जस्त; कासे म्हणजे तांबे व कथील. पट्टीश्वरमपासून दोन-चार कोसांच्या परिघात स्वामिमलै येथे मूर्ती ओततात, नाच्चियारकोविल येथे समया ओततात, आणि कुंभकोणमच्या बाजारात भांड्यांच्या पेढ्या आहेत. गंमत अशी की, या साऱ्या मुलखात तांब्याची खाण तर नाहीच, पण डोंगरही नाही. स्वामिमलै या शब्दाचा अर्थ स्वामींचा डोंगर. पण तो डोंगरसुद्धा माणसांनी रचलेला. बाकी सारी भूमी म्हणजे नदीने युगानुयुगे आणून टाकलेला गाळ. मग हे तांबे आले कोठून? या प्रश्नाचा माग काढीत गेले म्हणजे फार लांब जावे लागते. समुद्र ओलांडून थेट दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापर्यंत, चिली देशापर्यंत.

प्रथम येथली कारागिरी. स्वामिमलैचे स्थपती मूर्ती ओततात ती मेणाच्या साच्याने. संस्कृतात या रीतीला मधूच्छिष्टविधान म्हणतात. मधाचे उच्छिष्ट, म्हणजे मध काढून घेतल्यावर उरते ते मेण. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकातील ग्रंथात या रीतीचे वर्णन आले आहे, आणि आजचा स्थपती जे करतो ते त्या वर्णनापासून फारसे दूर नाही. मधमाश्यांचे मेण, राळ आणि थोडे शेंगदाण्याचे तेल एकत्र कढवून त्याची मूर्ती घडवायची. मापासाठी फूटपट्टी नाही. नारळीच्या पात्याची एक चिरफळी मूर्तीच्या उंचीइतकी कापतात, तिला शास्त्रात सांगितल्याप्रमाणे घड्या घालतात, आणि त्या घड्यांवरून मुख केवढे, छाती केवढी, गुडघा कोठे हे ठरते. मेणाची मूर्ती सिद्ध झाली की तिच्यावर कावेरीच्या गाळाचा पहिला लेप. हा गाळ मैद्यासारखा मऊ असतो, त्यामुळे मेणावरची बोटाएवढ्या दागिन्याची रेघही तो उचलतो. त्यावर शेतातली माती, त्यावर वाळूमिश्रित जाड माती, आणि साचा मोठा असेल तर लोखंडी सळ्यांचे बंद. साचा वाळला की तापवतात. मेण वितळून निघून जाते. आत मूर्तीच्या आकाराची पोकळी राहते. मग मुशीतला रस त्या पोकळीत ओततात. तांबे वितळण्यास १०८५ अंश सेल्सियस उष्णता लागते. मेणाच्या वजनाच्या साधारण आठ ते दहा पट धातू लागतो, म्हणून स्थपती मेण तोलूनच खर्चाचा अंदाज सांगतो. साचा निवाला की फोडायचा. एका साच्यातून एकच मूर्ती. दुसरी हवी असेल तर पुन्हा मेणापासून आरंभ.

नाच्चियारकोविलची रीत निराळी आहे. तेथे समईचे भाग वाळूच्या साच्यात ओततात, कातावर घासतात, आणि पळ्यासारखे एकमेकांत पेचाने बसवितात. माथ्यावर हंस, खाली पाच वातींचे ताट, त्याखाली गोल खांब आणि रुंद बैठक. पुण्याच्या तांबट आळीतील तांबट पत्रा ठोकून भांडे घडवितो; हे ओतारी धातू वितळवून घडवितात. एकाच्या हाती हातोडा, दुसऱ्याच्या हाती मूस. पण दोघांनाही धातू विकतच घ्यावा लागतो, यात फरक नाही.

आणि हे आजचे नाही. राजराज चोळाने तंजावरच्या बृहदीश्वराच्या शिखरावर चढविण्यासाठी ३,०८३ पलम वजनाचा तांब्याचा कलश सोन्याने मढवून दिला, असे त्याच मंदिराच्या शिलालेखात कोरले आहे. ही गोष्ट १०१० सालची. चोळांची दानपत्रे तांब्याच्या पत्र्यांवर कोरलेली आहेत; लायडनचे ताम्रपट म्हणून ओळखल्या जाणाऱ्या एकाच दानपत्रात एकवीस पत्रे आहेत. मूर्तींची तर गणतीच नाही, आणि त्यांतील बहुतेकांमध्ये तांब्याचा अंश चार पंचमांशांच्या पुढे आहे. इतके तांबे चोळांनी कोठून मिळविले, यावर विद्वानांत एकमत नाही. आंध्र-कर्नाटकातील जुन्या लहान खाणींकडे काही जण बोट दाखवितात. कलेतिहासकार विद्या दहेजिया यांनी श्रीलंकेच्या पूर्व भागातील सेरुविला येथील तांब्याच्या साठ्याची शक्यता मांडली आहे. चोळांनी लंकेचा उत्तर भाग दहाव्या शतकाच्या अखेरीस जिंकला होता, हे ध्यानात घेतले म्हणजे ही शक्यता सहज टाकून देता येत नाही.

एवढे मात्र निश्चित की, दक्षिण हिंदुस्थान हा फार प्राचीन काळापासून तांब्याचा ग्राहक आहे. पहिल्या शतकात कोणा ग्रीक खलाशाने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’मध्ये भडोच व मुझिरिस या बंदरांत उतरणाऱ्या मालात तांबे आहे. बाराव्या शतकात मंगळूरला राहिलेला अब्राहाम बेन यिजू हा यहुदी व्यापारी एडनहून तांबे व जुनी फुटकी भांडी मागवी आणि येथल्या कारागिरांकडून नवी घडवून परत धाडी. त्याची पत्रे कैरोच्या एका जुन्या प्रार्थनामंदिराच्या कोठारात सापडली. सतराव्या शतकात डच ईस्ट इंडिया कंपनीने नागासाकीहून जपानी तांब्याच्या कांड्या कोरोमंडल किनाऱ्यावर आणि सुरतेस आणल्या. नागपट्टणम हे कावेरीच्या मुखाकडचे बंदर १६५८ पासून १७८१ पर्यंत डचांच्याच हाती होते. तंजावरच्या मराठी राजांनी नागरी अक्षरांची चिमुकली तांब्याची नाणी पाडली, त्यांचा धातूही अशाच कुठल्या तरी जहाजातून आला असावा.

मग इंग्रजांचा काळ आला. इंग्रजी ईस्ट इंडिया कंपनी विलायतेचे तांबे इकडे विकू लागली. हे तांबे मुख्यतः वेल्समधील स्वान्सी या गावी गाळले जाई. दगडी कोळसा तेथे विपुल होता. तांब्याचे दगड आरंभी कॉर्नवॉलमधून व अँगलसी बेटातून येत. एकोणिसाव्या शतकात तेही अपुरे पडले, आणि शिडाची जहाजे हॉर्न भूशिराच्या वादळांना वळसा घालून चिलीचे दगड व कच्चे तांबे स्वान्सीला आणू लागली. १८५० नंतरची सुमारे पंचवीस वर्षे जगात सर्वांत अधिक तांबे देणारा देश चिली हा होता. तेव्हा मद्रास इलाख्यातल्या एखाद्या घंगाळात वेल्सच्या मार्गाने आलेले चिलीचे तांबे असणे मुळीच अशक्य नव्हे. कासाराला मात्र त्या देशाचे नावही ठाऊक नसणार.

हा चिली देश आहे तरी कसा? नकाशात पाहिले तर अँडीज पर्वत आणि पॅसिफिक महासागर यांच्या बेचक्यात अडकलेली एक लांबच लांब पट्टी. उत्तर-दक्षिण लांबी सुमारे ४,३०० किलोमीटर. रुंदी बहुतेक ठिकाणी दोनशेच्या आतबाहेर. लोकसंख्या सुमारे दोन कोटी. उत्तरेस अटाकामाचे वाळवंट, जगातील अत्यंत कोरड्या प्रदेशांपैकी एक. आणि सारी संपत्ती नेमकी तेथेच पुरलेली. समुद्राचा तळ अँडीजच्या पायथ्याखाली सरकतो, खोलवर खडक वितळतो, त्यातून निघालेले उष्ण द्रव वर येताना तांबे बरोबर आणतात व भेगाभेगांत सोडतात. लक्षावधी वर्षे चाललेल्या या क्रियेने येथे तांब्याचे डोंगर सिद्ध झाले. मात्र हे तांबे शिरेत साठलेल्या लोण्यासारखे नाही. पिठात मीठ कालवावे तसे ते साऱ्या डोंगरभर कालवलेले आहे.

तेथील मूळ रहिवाशांनाही ते ठाऊक होते. १८९९ साली चुकिकामाटा येथील एका जुन्या बिळात एका खाणकामगाराचा सुकलेला देह सापडला. वरून दरड कोसळून तो गाडला गेला होता. जवळ दगडी हातोडे आणि टोपल्या तशाच होत्या, आणि तांब्याच्या क्षारांनी त्याची कातडी हिरवी पडली होती. इसवी सनाच्या सहाव्या शतकाच्या सुमाराचा हा मनुष्य ‘ताम्रमानव’ या नावाने न्यूयॉर्कच्या निसर्गेतिहास संग्रहालयात पोहोचला. चिलीच्या तांब्याच्या पुढील इतिहासाची सूचनाच जणू त्यात होती: माणूस खाणीत मेला, आणि जे निघाले ते परदेशी गेले.

तांब्यापूर्वी चिलीचा संसार सोऱ्यावर चालत असे. १८७९ ते १८८४ या काळात पेरू व बोलिव्हिया यांच्याशी युद्ध करून चिलीने उत्तरेचे वाळवंट जिंकले. तेथील सोरा युरोपातील शेतांना खत म्हणून आणि तोफांना दारू म्हणून हवा होता. सरकारी तिजोरी त्या निर्यातकराने भरे. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास जर्मन रसायनशास्त्रज्ञांची हवेतील नत्रापासून खत करण्याची विद्या कारखान्यात उतरली, आणि पुढल्या दोन दशकांत चिलीच्या सोऱ्याचा बाजार बसला. वाळवंटातील वस्त्या ओस पडल्या. एकाच वस्तूवर राष्ट्राने विसंबून राहावे याचा धडा याहून कठोर कोणता असणार? पण धडा मिळाला म्हणून दुसरा धंदा हाती येतोच असे नाही. सोऱ्याच्या जागी तांबे आले.

या वेळी भांडवल अमेरिकन होते. विल्यम ब्रेडन या अभियंत्याने १९०४ पासून राजधानी सांतियागोच्या दक्षिणेस एल तेनिएंते ही भूमिगत खाण उभी केली. डोंगराच्या उतारावर रस्ता काढता येईना, म्हणून सेवेल हे कामगारांचे गाव जिन्यांवर जिने रचून वसविले. ते आज निर्जन असून २००६ पासून जागतिक वारसास्थळांच्या यादीत आहे. चुकिकामाटाची उघडी खाण गुगेनहाइम बंधूंनी १९१५ साली चालू केली आणि १९२३ साली अ‍ॅनाकोंडा कंपनीस विकली. या दोन खाणींनी विसाव्या शतकातला चिली घडविला म्हटले तरी चालेल. कंपनीचे घर, कंपनीचे दुकान, कंपनीचे इस्पितळ, कंपनीचीच शाळा. पगार देशातील इतर मजुरांहून अधिक, आणि धोकाही अधिक. १९ जून १९४५ रोजी एल तेनिएंतेच्या तोंडाशी आग लागली, तिचा धूर बोगद्यांत शिरला, आणि ३५५ कामगार गुदमरून मरण पावले. आगीने नव्हे, धुराने. बाहेर पडण्याच्या वाटांवर खुणाही नव्हत्या. त्यानंतर चिलीत खाणींच्या सुरक्षिततेची स्वतंत्र व्यवस्था उभी राहिली.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने तांब्याचा भाव पौंडास सुमारे बारा सेंट असा बांधून टाकला. चिलीने त्या दराने तांबे दिले आणि युद्धानंतर त्याच डॉलरांनी चढ्या किमतीचा माल विकत घेतला. हा सल चिलीच्या मनात राहिला. खाण आपल्या भूमीत, कामगार आपले, परंतु भाव ठरणार न्यूयॉर्कला व लंडनला, आणि नफ्याचा मोठा वाटा जाणार अमेरिकेस, ही स्थिती डाव्यांप्रमाणे उजव्यांनाही बोचू लागली. हिंदुस्थानच्या श्रोत्याला ही भावना समजावून सांगण्याची गरज नाही. एदुआर्दो फ्रेई यांच्या सरकारने १९६६ मध्ये मधला मार्ग काढला: एल तेनिएंतेचे ५१ टक्के भाग सरकारने घ्यावयाचे. १९६९ मध्ये चुकिकामाटाबाबतही तसाच करार झाला. सात्त्विक समझोता तो. पण लोकांचे समाधान झाले नाही. १९७० साली साल्वादोर आयेंदे राष्ट्राध्यक्ष झाले. ते तांब्याला चिलीचा पगार म्हणत. ११ जुलै १९७१ रोजी मोठ्या खाणींच्या राष्ट्रीयीकरणाची घटनादुरुस्ती काँग्रेसने एकमताने मंजूर केली. एकमताने, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. आयेंदे यांच्याशी इतर कोणत्याही प्रश्नावर हाडवैर धरणाऱ्या पक्षांनीही त्या दिवशी विरोधात मत दिले नाही.

अडचण पुढे आली. नुकसानभरपाई ठरविताना, कंपन्यांनी १९५५ पासून बारा टक्क्यांहून जो जास्त नफा मिळविला तो वजा करावयाचा, असा हिशेब सरकारने लावला. आणि त्या हिशेबाने कंपन्यांनाच उलट देणे निघाले. केनेकॉट कंपनीने युरोपातील न्यायालयांत दावे लावून चिलीचे तांबे बंदरातच अडविण्याचा प्रयत्न केला. अमेरिकेतून मिळणारे कर्ज आटले, सुटे भाग मिळेनासे झाले, अनुभवी तंत्रज्ञ देश सोडून गेले, आणि दैवगतीने तांब्याचा बाजारभावही याच वेळी खाली होता. १९७३ मध्ये एल तेनिएंतेतच कामगारांचा दीर्घ संप झाला. ११ सप्टेंबर १९७३ रोजी लष्कराने सत्ता बळकाविली आणि आयेंदे यांचा अंत झाला. त्या शोकांतिकेची कारणे केवळ तांब्यात शोधणे चूक ठरेल. पण तांबे वगळून ती सांगताही येणार नाही.

याहून कुतूहलाची गोष्ट म्हणजे, साऱ्या गोष्टी खाजगी हाती देण्याच्या मताच्या लष्करी राजवटीने तांब्याच्या जुन्या खाणी मात्र परत केल्या नाहीत. तिने कंपन्यांना भरपाई दिली आणि १९७६ मध्ये कोडेल्को हे सरकारी महामंडळ स्थापिले. कारण उघड होते. १९५८ पासूनच्या एका गुप्त कायद्याने तांब्याच्या उत्पन्नाचा एक भाग शस्त्रखरेदीसाठी सेनादलांकडे जात असे; लष्करी राजवटीत तो कोडेल्कोच्या निर्यातविक्रीचा दहावा हिस्सा झाला. तो कायदा रद्द व्हायला २०१९ साल उजाडावे लागले. नव्या खाणींची दारे मात्र परदेशी भांडवलास उघडली. १९९० च्या अखेरीस अटाकामात एस्कोंदिदा ही खाण चालू झाली; आज ती जगातील सर्वांत मोठी तांब्याची खाण आहे व तिच्यात मुख्य भाग बीएचपी या ऑस्ट्रेलियन कंपनीचा आहे. चिली वर्षाला पन्नास लाख टनांहून अधिक तांबे काढतो. हे जगाच्या उत्पादनाचे सुमारे एक चतुर्थांश झाले. त्या देशाच्या निर्यातीपैकी निम्म्याच्या आसपास मूल्य एकट्या तांब्याचे असते.

असा देश बाजारभावाच्या झोक्यावर बसलेला असतो. भाव चढला की तिजोरीत पूर, उतरला की दुष्काळ. चिलीने यावर एक उपाय केला, तो शहाणपणाचा आहे. २००१ पासून सरकारचा खर्च त्या वर्षीच्या भावावर बेतला जात नाही. सरकारबाहेरील तज्ज्ञांची समिती तांब्याचा दीर्घकालीन भाव काय राहील याचा अंदाज देते, आणि त्या अंदाजावर अर्थसंकल्प उभा राहतो. भाव त्याहून चढला तर वरकड रक्कम बाजूस ठेवायची. २००७ मध्ये तिच्यासाठी स्वतंत्र निधी उघडला गेला. त्या चढत्या भावाच्या वर्षांत अर्थमंत्र्यांना चिक्कू ठरवून लोकांनी शिव्या दिल्या. २००९ मध्ये जगभर मंदी आली तेव्हा तीच पुंजी उपयोगी पडली. सुगीच्या दिवसांत कणगी भरून ठेवावी, हे कावेरीकाठच्या शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. राष्ट्रांना ते कायद्याने सांगावे लागते.

पण तांब्याची जी किंमत पैशांत मोजता येत नाही, तिच्यासाठी असा निधी नाही. आज चिलीच्या खडकात तांबे सरासरी एक टक्काही नाही. एक टन दगड फोडावा तेव्हा सहा-सात किलो धातू हाती येतो. उरलेला दगड डोंगर होऊन बाजूला पडतो. दगडाची भुकटी करून ती पाण्यात घुसळतात, फेसाबरोबर तांब्याचे कण वर येतात, आणि तो फेस सुकविला की पंचवीस-तीस टक्के तांब्याची भुकटी मिळते. घुसळण्याला पाणी हवे, आणि हे वाळवंट. एस्कोंदिदात आता समुद्राचे खारे पाणी गोडे करून ते तीन हजार मीटर उंचीवर पंपाने चढवितात. अँतोफागास्ता शहराला १९५८ मध्ये अँडीजमधील नद्यांचे नवे पाणी आणले. त्यात सोमल मुबलक होता. तो निसर्गतःच त्या खडकात असतो. १९७० मध्ये शुद्धीकरणाची यंत्रणा बसेपर्यंत बारा वर्षे लोक ते पाणी प्यायले, आणि फुप्फुसाच्या व मूत्राशयाच्या कर्करोगाने पुढली कित्येक दशके माणसे मरत राहिली. चुकिकामाटाचे गाव तर खाणीनेच गिळले. धूळ, भट्टीचा धूर आणि पुढे सरकणारे टाकाऊ दगडांचे ढीग यांमुळे तेथील कुटुंबांना २००८ पर्यंत खालच्या कालामा शहरात हलविण्यात आले.

खाणीतील माणसाचे भय आजही संपलेले नाही. ५ ऑगस्ट २०१० रोजी कोपियापोजवळच्या सान होसे या जुन्या लहान खाणीत दरड कोसळून ३३ जण सुमारे सातशे मीटर खाली अडकले. सतरा दिवसांनी ते जिवंत असल्याचे कळले, आणि एकोणसत्तर दिवसांनी एकेकाला पिंजऱ्यातून वर काढले. साऱ्या जगाने तो दिवस पाहिला. ३१ जुलै २०२५ रोजी एल तेनिएंतेत भूकंपासारखा हादरा बसून सहा कामगार मरण पावले. ती बातमी मात्र दोन दिवसांत विरली.

आता ही भुकटी पुढे जाते कोठे, ते पाहावे. तिच्यातून तांबे काढण्यासाठी मोठ्या भट्ट्या लागतात. तिच्यातील गंधक जळून जो विषारी वायू निघतो त्याचे गंधकाम्ल करावे लागते. असे कारखाने चीनमध्ये आहेत, जपानमध्ये आहेत, आणि भारतातही आहेत. भारताच्या स्वतःच्या खाणी थोड्या: राजस्थानात खेत्री, झारखंडात घाटशिला, आणि गोंदिया जिल्ह्याला लागून असलेल्या बालाघाटातील मलाजखंड. मागणीच्या मानाने त्यांचे उत्पन्न अत्यल्प. म्हणून गुजरातेतील दहेजच्या भट्टीत बाहेरची भुकटी पडते, आणि ती पाठविणाऱ्या देशांत चिली अग्रभागी आहे.

येथे महाराष्ट्राचा आणि तमिळनाडूचा संबंध अनपेक्षित रीतीने जुळतो. स्टरलाइट कंपनीचा तांब्याचा कारखाना प्रथम रत्नागिरीस व्हावयाचा होता. १९९२ मध्ये जागाही मिळाली होती. धुराने हापूसचा मोहोर जळेल आणि सांडपाण्याने मासळी मरेल, असे म्हणून बागायतदार, कोळी व इतर नागरिक उठले, आणि १९९३ मध्ये महाराष्ट्र सरकारने काम थांबविले. कारखाना गेला तूतिकोरीनला, पट्टीश्वरमच्या दक्षिणेस सुमारे तीनशे किलोमीटरवर. तेथे तो चालला, वाढला. वर्षाला चार लाख टनांपर्यंत तांबे देऊ लागला. देशातील शुद्ध तांब्याचा मोठा भाग तो पुरवी. हवा व पाणी नासल्याच्या तक्रारी पहिल्यापासून होत्या. कंपनीने त्या नाकारल्या. २०१८ मध्ये कारखाना दुप्पट करण्याचे ठरले तेव्हा शंभर दिवस आंदोलन चालले. शंभराव्या दिवशी, २२ मे रोजी, मोर्चावर पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात तेरा माणसे दगावली. सरकारने कारखाना बंद केला. २९ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही तो उघडू देण्यास नकार दिला. तांबे निर्यात करणारा भारत २०१८ नंतर पुन्हा आयात करणारा झाला. विजेच्या तारा, पंप, मोटारी यांना लागणारे तांबे येतेच आहे. रत्नागिरीने जे नाकारले ते तूतिकोरीनच्या वाट्यास आले, तूतिकोरीनने नाकारले ते आणखी कोणाच्या तरी दारात जळत असणार. रत्नागिरीकरांची भीती खोटी होती असे आज कोणी म्हणणार नाही. पण घरातला दिवा लावणाऱ्याने हा हिशेब एकदा तरी मांडून पाहावा.

स्वामिमलैच्या ओताऱ्यापर्यंत यातले काय पोहोचते? लंडनच्या धातुबाजारात भाव चढला की त्याची मूर्ती महाग होते, ती तोलून विकली जात असल्यामुळे लगेच होते. चिलीत संप झाला की कुंभकोणमच्या पेढीवर पाटी बदलते. परंतु सारा धातू नवा नसतो. नाच्चियारकोविलच्या मुशीत मोडीचा माल मोठ्या प्रमाणात पडतो. एखाद्या घरी वाटणी झाली, चूल गेली, गॅस आला, स्टेनलेस स्टीलची भांडी आली, म्हणजे माळ्यावरची हंडी, तपेली, पाण्याचे घंगाळ पेढीवर येते. पेढीवाला ते तोलतो, कल्हई व डाक यांची घट वजा करतो, आणि बदल्यात नवी समई घ्या म्हणतो. मोडीचे पोते ओताऱ्याकडे जाते. प्राचीन मूर्तींतील शिशाच्या प्रकारावरून धातूची खाण ओळखण्याची एक युक्ती शास्त्रज्ञांपाशी आहे, पण अनेक ठिकाणचा धातू एका मुशीत मिसळला की तीही चालत नाही. मंगळूरच्या यहुद्याने एडनहून मागविलेली फुटकी भांडी, डचांच्या जपानी कांड्या, मराठी राजांची नाणी, स्वान्सीचा पत्रा आणि चुकिकामाटाचा दगड, यांपैकी काय काय त्या एका रसात उकळत असेल, हे सांगता येत नाही. ओतारी वरचा मळ पळीने काढतो, रसाचा रंग पाहतो, आणि साच्याचे तोंड मोकळे करतो.